चोरी नक्की कुणाकडे होते, आणि एकदा झालेल्या घरातच परत का होते?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या ओळखीतल्या एका घरी दोन महिन्यांत दोनदा घरफोडी झाली. पलीकडचं घर मोठं, माणसं पैसेवाली, तिथे कुणी फिरकलंसुद्धा नाही. मग हे नशीब म्हणायचं का त्या घरातल्यांचंच काही चुकतंय, आणि एकूणच चोरी होते ती कुणाकडे?

मी बावीस वर्षं हेच काम करतोय. पोलिसांचा पंचनामा उरकला, ठसे घेऊन झाले की मला बोलावतात, मग त्या घरातल्या माणसांबरोबर घरभर फिरायचं, चोर कुठून शिरला, तिथूनच का शिरला, किती वेळ आत होता, बाहेर कुठून पडला हे बघायचं आणि आता काय बदलायला हवं ते सांगायचं. शिवाय शिक्षा भोगून सुटून आलेल्या काही जणांशी निवांत बसून बोललोय, ते घराकडे बघताना नक्की काय बघतात हे त्यांच्याच तोंडून ऐकलंय. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण प्रश्न महत्त्वाचा आहे आणि याबद्दल लोकांच्या डोक्यात फार चुकीचं बसलेलं असतं.

पहिली गोष्ट, चोर सहसा अमक्यालाच लुटायचं असं ठरवून निघत नाही. त्याला पैशाची नड असते, बऱ्याचदा आजच्या आज, आणि तो सोय बघतो. १९७९ साली लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी हे अगदी साधं करून मांडलं, की चोरी व्हायला तीन गोष्टी एकाच वेळी एकाच जागी याव्या लागतात, चोरी करायला तयार असलेला माणूस, उचलण्यासारखी वस्तू, आणि राखणीला कुणी नसणं. राखण म्हणजे पोलीस नाहीतर वॉचमनच असं नाही, खिडकीत बसणारी आजी, समोरचा शेजारी, घरात चालू असलेला नेहमीचा वावर, ही सगळी राखणच. त्यांना पडलेला प्रश्न असा होता की दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लोकांची मिळकत वाढली, शिक्षण वाढलं, मग चोऱ्या कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या का? तर दिवसा घरं रिकामी राहायला लागली, बायकाही नोकरीला कॉलेजला जाऊ लागल्या, आणि दुसरीकडे वस्तू हलक्या झाल्या. त्यांनी चक्क कॅटलॉग काढून वजनं बघितली, सगळ्यात हलका टीव्ही १९६० मध्ये ३८ पौंडांचा होता तो १९७० मध्ये १५ पौंडांचा झाला, म्हणजे दोघांनी उचलायची वस्तू एकाच्या काखेत मावायला लागली. यात घराबाहेर पडलेल्या बाईचा दोष कुठेच नाही, दिनक्रम बदलला आणि संधी बदलली इतकंच.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर २०२० आठवा. लॉकडाऊनमध्ये २३ देशांतल्या २७ शहरांचे पोलिसांकडचे आकडे एकत्र करून बघितले तेव्हा घरफोडी सरासरी २८ टक्के आणि साधी चोरी ४७ टक्के खाली आलेली दिसली. माणसं तीच, कुलपं तीच, पैशाची चणचण उलट जास्तच. बदललं ते एवढंच की लोक घरात बसून होते आणि रस्त्यावर गर्दी नव्हती, त्यामुळे खिसा कापायलाही कुणी सापडत नव्हतं. काही ठिकाणी मात्र बंद पडलेली दुकानं ऑफिसं फोडायचं प्रमाण वाढलं, कारण आता रिकामी तीच होती.

आता मोठं घर विरुद्ध लहान घर. लोकांना वाटतं चोर श्रीमंतांकडे जातो. काही जातात, पण ते थोडे, आणि त्यांचं काम वेगळं असतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८२ पासून घरोघरी जाऊन विचारायचा एक सर्व्हे चालतो (पोलिसांकडे न गेलेल्या चोऱ्याही त्यात कळतात म्हणून तो मोलाचा), त्यात पुन्हा पुन्हा दिसलेलं चित्र असं की जास्त फटका बसतो तो भाड्याने राहणाऱ्यांना, एकट्या आई किंवा वडिलांच्या घरांना, तरुण माणसांच्या घरांना, आणि कमी मिळकतीच्या वस्त्यांना. माझा अनुभवही तंतोतंत हाच.

का, तर चोर लांब जात नाही. बहुतेक घरफोड्या चोर जिथे राहतो, जिथे त्याचं येणंजाणं असतं त्याच्या आसपासच होतात, कारण तिथल्या गल्ल्या त्याला पाठ असतात, तिथे तो उभा राहिला तर कुणी वळून बघत नाही. पैसेवाल्यांच्या भागात तोच माणूस पाच मिनिटं घुटमळला तरी नजरेत भरतो. आणि भाड्याच्या घराचं म्हणाल तर मी आजवर शेकड्यांनी बघितलीत, दार मालकाचं, कुलूप मालकाचं, आधीच्या दोनतीन भाडेकरूंकडे किल्ल्या राहिलेल्या असतात आणि त्या कुणी मागूनही घेतलेल्या नसतात, भाडेकरूला दाराला एक स्क्रू मारायचा तरी परवानगी लागते. तो बेफिकीर नसतो, त्याच्या हातातच नसतं. एकट्या आईच्या घरात मोठं माणूस एकच, ती कामावर आणि मुलं शाळेत गेली की घर ठरलेल्या वेळी ठरलेले तास रिकामं, आणि हे आजूबाजूला सगळ्यांना माहीत असतं. चारपाच मुलं मिळून राहतात तिथे लॅपटॉप पाच, फोन पाच, आणि दार दुसऱ्याने लावलं असेल असं प्रत्येकाला वाटतं. नव्याने राहायला आलेल्यांचंही तसंच, शेजाऱ्यांना अजून त्यांचा चेहराच ओळखीचा नसतो, मग त्यांच्या दारातून कोण सामान घेऊन निघालंय हे कुणाला कळणार?

घराच्या जागेचंही बरंच असतं. कोपऱ्यावरचं घर, मागे मोकळी जागा किंवा पायवाट असलेलं, कुंपणाला उंच झाडी असलेलं. झाडी आपण आडोसा म्हणून लावतो आणि तो आडोसा चोरालाही मिळतो. मी ज्यांच्याशी बोललो त्यातल्या एकाने मला सांगितलं होतं, "मी आत कसं जायचं ते नंतर बघतो, आधी बाहेर कसं पडायचं ते बघतो." तेव्हापासून मी प्रत्येक पाहणी मागच्या बाजूने सुरू करतो.

अजून एक, जे ऐकायला लोकांना आवडत नाही. रिचर्ड राइट आणि स्कॉट डेकर या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात तेव्हा प्रत्यक्ष घरफोड्या करत असलेल्या १०५ जणांना गाठून मुलाखती घेतल्या होत्या, १९९० च्या आसपास. त्यात बहुतेकांच्या डोक्यात एखादं घर आधीपासून होतं, अमक्या माणसाला लुटायचं म्हणून नाही, सोयीचं म्हणून हेरलेलं. पाळत ठेवून, कधी कामानिमित्त आत जाऊन आल्यामुळे, कधी ओळखीच्या कुणाच्या बोलण्यातून कळलेलं. म्हणजे तुमच्या घरात काय आहे आणि तुम्ही कधी नसता हे कुणाकुणाला ठाऊक आहे हा प्रश्न कुलपाइतकाच महत्त्वाचा. याचा अर्थ घरी येणाऱ्या प्रत्येकावर संशय घ्यायचा असा अजिबात नाही, कामाला येणाऱ्या गरीब माणसावर पहिला आळ घ्यायची जी सवय आहे ती मला संताप आणते, आणि माझ्या पाहणीत ती बहुतेक वेळा खोटी ठरलीय. बोलताना सांभाळायचं एवढंच, सहलीला निघाल्याच्या दिवशी फोटो टाकायची गरज नसते, परत आल्यावर टाकले तरी फोटो तेच राहतात.

म्हातारी माणसं खूप घाबरतात आणि घरफोडी त्यांच्याकडे तुलनेने कमी होते, कारण ती घरात असतात. पण त्यांच्यासाठी वेगळा प्रकार आहे, बोलण्यात गुंतवून चोरी. पाण्याची लाइन तपासायची म्हणून एकजण येतो, आजोबांना नळापाशी उभं करतो, "चालू ठेवा, बंद करू नका" म्हणतो, आणि दुसरा तोवर आतल्या खोलीत. मी बघितलेल्या एका घरात आजोबा चांगली वीस मिनिटं नळ धरून उभे होते. नंतर मुलाला सांगायची लाज वाटली म्हणून चार दिवस गप्प राहिले, आणि त्या चार दिवसांत त्याच रस्त्यावर अजून दोन घरी तोच प्रकार झाला. ते पहिल्या दिवशी बोलले असते तर ती दोन घरं वाचली असती, पण आजोबांना बोलावंसं वाटेल असं घरात वातावरण नव्हतं, आणि ते आपण करायचं असतं.

खिशातल्या आणि हातातल्या चोरीबद्दल पटकन सांगतो. तिथे बळी कोण तर ज्याचं लक्ष त्या क्षणी दुसरीकडे आहे तो, चढताना, उतरताना, पैसे देताना, रस्ता शोधताना. म्हणून नवख्या गावात आलेला माणूस जास्त सापडतो. आणि कुठली वस्तू जाते याचेही ठोकताळे आहेत, लपवता येणारी, पटकन हलवता येणारी, जिकडेतिकडे सापडणारी, किमती, हवीहवीशी, आणि विकायला सोपी. फोनमध्ये हे सगळंच आहे. यातलं शेवटचं काढून टाकलं की काय होतं ते २०१३ नंतर दिसलं, ॲपलने ॲक्टिव्हेशन लॉक आणलं, चोरलेला आयफोन मालकाच्या पासवर्डशिवाय चालेना, आणि लंडन, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आयफोनच्या चोऱ्या उतरल्या. लोक एका रात्रीत सावध झाले म्हणून नाही, वस्तू विकायची पंचाईत झाली म्हणून.

आता मूळ प्रश्नाकडे, त्याच घरी परत का.

माझ्या सगळ्या कामातली सगळ्यात पक्की गोष्ट कुठली विचाराल तर ही. पुढची घरफोडी कुणाकडे होणार याचा सगळ्यात चांगला अंदाज म्हणजे मागची कुणाकडे झाली. कॅनडात सास्काटून शहराच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की एकदा घर फुटलं की पुढच्या एका महिन्यात परत फुटायचा धोका साध्या अपेक्षेच्या १२ पटींहून जास्त असतो, आणि त्या महिन्याभरात जे दुसऱ्यांदा फुटतात त्यातले निम्मे पहिल्या सात दिवसांतच. मग धोका हळूहळू उतरत जातो, साधारण सहा महिन्यांनी नेहमीच्या पातळीवर येतो. लोकांची समजूत नेमकी उलटी असते, एकदा झाली आता कशाला होतेय. घरातली माणसं असं म्हणतात तेव्हा पोटात गोळा येतो माझ्या, कारण तेच सात दिवस चालू असतात.

याची दोन कारणं. एक म्हणजे ज्या कारणाने घर पहिल्यांदा सोपं वाटलं ते कारण तसंच राहिलेलं असतं, मागचं दार कमकुवतच, आडोसा तसाच, दुपारी घर रिकामंच, मग एकाला सोपं वाटलं ते दुसऱ्यालाही वाटणार. दुसरं, तोच चोर परत येतो, आणि हेच जास्त वेळा होतं असं मला वाटतं. त्याला आता घर माहीत झालंय, कुठली फरशी वाजते, कुठलं कपाट उघडायचं राहिलं, काय जड होतं म्हणून मागे ठेवलं. आणि गेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या येणार हेही त्याला कळतं. एकाने मला सरळ सांगितलं की नवीन घर म्हणजे नवीन भीती, जुन्या घरात छाती धडधडत नाही.

एक घर सांगतो, ते मला विसरता येत नाही. पुढच्या दाराला तीन कुलपं, आतून साखळी, बाहेर दिवा. मागे मोरीची खिडकी, तिचे गज एका लाकडी चौकटीत बसवलेले आणि चौकट भिंतीला चार स्क्रूंनी, स्क्रूची डोकी बाहेरच्या बाजूला. चोराने काही तोडलंच नव्हतं, स्क्रू काढून चौकट नीट भिंतीला टेकवून ठेवली होती, खिडकीच्या कट्ट्यावर बुटाचा अर्धा ठसा, पुढचाच भाग, म्हणजे चवड्यावर उतरला होता. मी लिहून दिलं की आज संध्याकाळपर्यंत हे पक्कं करा. घर भाड्याचं, मालक म्हणाला महिनाअखेरीला माणूस पाठवतो. तोवर त्यांनी एक प्लायवूड लावलं दोन खिळ्यांवर. सहाव्या दिवशी मी परत त्याच कट्ट्यासमोर उभा होतो, प्लायवूड तसंच टेकवून ठेवलेलं, आणि यावेळी नवा घेतलेला लॅपटॉप खोक्यासकट गेला होता. त्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं होतं, आमचंच चुकलं." त्यांचं काय चुकलं होतं? मी तेव्हापासून नुसतं लिहून देत नाही, स्क्रू आणि पट्टी पिशवीत घेऊनच जातो.

हे चुकलं म्हणणं फार जुनं आहे. १९४८ साली हान्स फॉन हेंटिग या अभ्यासकाने गुन्ह्यात बळी पडलेल्याचाही हात असतो असं मांडलं, त्यातून बळी पडणाऱ्यांचा अभ्यास सुरू झाला हे खरं, पण त्याच वाटेने दोष देण्याची सवयही शास्त्राच्या नावाने पक्की झाली. धोका कशामुळे वाढतो हे शोधणं वेगळं आणि दोष कुणाचा हे ठरवणं वेगळं. खिडकी उघडी राहिली म्हणून धोका वाढला, बरोबर. पण आत शिरायचं चोराने ठरवलं, खिडकीने नाही. हे मी प्रत्येक घरात मोठ्याने बोलून दाखवतो कारण लोकांना ते ऐकायची गरज असते. घरफोडीत वस्तू जातात ते एक, पण कुणीतरी परकं आपल्या कपाटात हात घालून गेलं हे जास्त सलतं. एका बाईंनी कपाटातले सगळे कपडे, धुतलेले, इस्त्रीचे, लहान मुलाचे सुद्धा, परत धुवायला काढले होते, मी गेलो तेव्हा घरभर ओले कपडे, आणि त्या म्हणत होत्या की अजून वास जात नाही. वास कसलाच नव्हता. मी काही न बोलता दोऱ्या बांधायला मदत केली आणि मग कुलपाचं बघितलं.

पण हे परत होणं थांबवता येतं आणि ते करून दाखवलेलं आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळ कर्कहोल्ट नावाची वसाहत, बहुतेक भाड्याची सरकारी घरं, घरफोड्या बेसुमार. १९८० च्या दशकात तिथे एक प्रकल्प झाला, गुन्ह्यांचे अभ्यासक केन पीज हे त्यातलं मोठं नाव. त्यांनी सगळ्या वसाहतीला उपदेश करत बसण्याऐवजी ज्यांचं घर नुकतंच फुटलंय त्यांच्याकडे ताबडतोब जायचं ठरवलं. कुलपं खिडक्या पक्क्या करून दिल्या, आजूबाजूच्या साधारण सहा घरांना सांगून त्या घरावर लक्ष ठेवायला लावलं, आणि एक फार बारीक गोष्ट केली, तिथे नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर होते, म्हणजे अशा प्रत्येक गरीब घरात रोख रकमेचा एक डबा भिंतीवर टांगलेला, ते मीटर बदलून दिले. पाच महिन्यांत घरफोड्या आधीच्या ४० टक्क्यांवर आल्या आणि त्या काळात त्याच घरी परत होणं जवळजवळ थांबलं, तीन वर्षांत एकूण घट ७५ टक्के. चोर शेजारच्या भागात गेले असतील असं लोक म्हणतात, तेही तपासलं होतं, तसं काही दिसलं नाही.

घर बांधतानाच हे केलं तर आणखी बरं. नेदरलँड्समध्ये १९९९ पासून नव्या घरांची दारंखिडक्या सहज न फुटणारीच हवीत असा बांधकामाचा नियम झाला, आणि पुढे तपासलं तेव्हा त्या घरांमधल्या घरफोड्या २६ टक्क्यांनी कमी भरल्या. घरमालकाच्या मर्जीवर सोडलं नाही, भाडेकरूलाही आपोआप मिळालं, म्हणून मला तो नियम फार आवडतो. नुसत्या अलार्मवर पैसे घालवू नका असंही सांगेन, आधी दार खिडकीचं कुलूप, आत टायमरवर लागणारा दिवा, बाहेर दिवा, हे एकत्र असलं की एकेकट्याच्या बेरजेपेक्षा जास्त काम करतं.

घर फुटल्यावर पहिल्या सात दिवसांत काय करायचं, तर तो जिथून शिरला ती जागा त्याच दिवशी पक्की करा, नीटनेटकी नंतर करा. किल्ली गेली असेल नाहीतर शंका असेल तर कुलूपच बदला. नव्या वस्तूंची खोकी घराबाहेर ठेवू नका, शक्य असेल तर महागाची वस्तू महिनाभर थांबून घ्या. रोजच्या येण्याजाण्याची वेळ थोडी मोडा, दुपारी कुणीतरी येऊन बसेल असं बघा, नातलग, मैत्रीण, कुणीही. भाड्याचं घर असेल तर मालकाला फोनवर नको, लेखी कळवा, तारीख घालून.

आणि हे फक्त त्या घरापुरतं नाही. पाच देशांतल्या दहा ठिकाणच्या नोंदी बघितल्या तेव्हा सगळीकडे हेच दिसलं की एक घर फुटलं की आसपासच्या साधारण २०० मीटरमधल्या घरांनाही निदान दोन आठवडे धोका वाढलेला असतो. म्हणजे पलीकडच्या त्या मोठ्या घराकडे कुणी फिरकलं नाही हे आजपर्यंतचं झालं. तुमच्या ओळखीच्या त्या घरातल्यांनी आजूबाजूच्या पाचसहा घरांना सांगितलंय का ते आजच विचारा, लाजेने सांगितलं नसेल तर त्यांच्यासोबत तुम्ही जा. दुसरी घरफोडी होऊन किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण दोन आठवडे झाले नसतील तर संध्याकाळची वाट बघू नका.